झटकल्याशिवाय पाण्यात नाही

भिंगरीला भिंगरी हे नाव जंत व्हायच्या कितीतरी आधी पडलं होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, पोर बसल्या जागी वळवळते म्हणून आईबापांनी थट्टेने ठेवलं. ती चालायला लागली तीच गोल गोल, आणि नाव चिकटलं. त्या हिवाळ्यात मात्र शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. "अभ्यासाची तक्रार नाही हो," बाई म्हणाल्या, "पण ही बाकावर टेकतच नाही. काही टोचतंय का हिला?"

टोचत नव्हतं, खाजत होतं. आणि कुठे खाजतंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पोरीने बिचारीने गपगुमान सोसलं होतं. रात्री झोप मोडायची, झोपेत दात खायची, सकाळी उठली की नाकावर राग. शेवटी एका सकाळी अंघोळीच्या आधी आईने तिला पालथं झोपवून नीट बघितलं. बारीक, पांढरे, शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे पडावेत तसे दोन-तीन. पण हलणारे.

भिंगरीचा बाबा मागून डोकावत होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. काचेवरचा धुळीचा कणही ज्याला खपत नाही, अशा माणसाने हे बघितल्यावर काय व्हायचं ते झालं. तो "अरे बाप रे" म्हणत थेट न्हाणीघरात हात धुवायला गेला. त्याने अजून कशाला हात लावलेला नव्हता.

आईला मात्र हसू फुटलं. तिला ते पाहुणे ओळखीचे होते.

"आत्या गं," तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "दोरे आलेत!"

"कुणाला, धाकटे?"

"भिंगरीला."

"अगंबाई," आतून आवाज आला, "गिऱ्हाईक विसरलं वाटतं!"

आणि दोघी दोन खोल्यांतून एकाच वेळी हसल्या. बाबा ओल्या हातांनी दारात उभा राहून, आपण कुठल्या घरात लग्न केलं, असा चेहरा करून बघत राहिला.

आता हे दोरे काय आणि गिऱ्हाईक कुठलं, ते सांगायला हवं. धाकटीच्या माहेरी लॉन्ड्री होती. धाकटी म्हणजे भिंगरीची आई. चाळिशी उलटली, मोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते, हाताखाली चार मुली आहेत, पण आत्यासाठी ती अजून धाकटीच. आई गेली तेव्हा धाकटी रांगतसुद्धा नव्हती आणि थोरला दादा नुकता बोलायला लागला होता. वडिलांची बहीण थोडे दिवस मदतीला म्हणून आली. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. ती बोलणीच राहिली, आणि ते थोडे दिवस काही केल्या संपले नाहीत.

गल्लीच्या टोकाला पुढे दुकान, मागे अंगण. पुढे वडील इस्त्री करायचे, मागे भट्टीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला कोपऱ्यात खुणेचा दोरा शिवलेला: कुणाचा लाल, कुणाचा हिरवा, कुणाचा दोन रंगांचा पिळलेला. पांढरा दोरा कुणालाच दिलेला नव्हता, कारण पांढऱ्या चादरीवर तो दिसायचा कसा? म्हणून पोरांना जंत झाले तेव्हा आत्याने त्यांना सांगितलं की घाबरायचं काही कारण नाही. एक गिऱ्हाईक होतं, पांढऱ्या दोऱ्याचं. कपडे टाकून गेलं आणि न्यायला यायला विसरलं. आता ते दोरे बिचारे रोज रात्री बाहेर पडून मालकाला शोधतात. औषध घेतलं की मालक सापडतो.

औषध कडूजहर असायचं. सगळ्यांनी ओळीने उभं राहून प्यायचं. वडील सगळ्यांत वाईट तोंड करायचे आणि पोरं त्यांच्याकडे बघून हसता हसता आपलं गिळून टाकायची. पण औषध लागू होईपर्यंतच्या रात्री मोठ्या वाईट. झोपेत हात आपोआप मागे जायचा. मग आत्या मध्ये झोपायची, एका हातात दादाचे दोन्ही हात, दुसऱ्या हातात धाकटीचे. तिच्या तळव्यांना कायम साबणाचा वास, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. धाकटी सोडवायला बघायची. आत्या झोपेतही सोडायची नाही. मोठेपणी धाकटीने किती जणांचे हात हातात घेतले असतील, पण हात धरणं म्हटलं की तिला आठवायचा तो तोच ओलसर, खरखरीत पंजा.

आणि आठवायचा तो सकाळचा आवाज. फटाक!

त्याचीही एक कथा होती. कधीकाळी कुणाच्या तरी चादरीच्या गाठोड्यात शाईचं पेन राहिलं, ते तसंच उकळत्या पाण्यात गेलं, आणि त्या आठवड्यात अर्धी गल्ली निळ्या चादरींवर झोपली. वडिलांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून घराचा एकच कायदा: झटकल्याशिवाय पाण्यात काही जाणार नाही. ते काम आत्याचं. सकाळी ती अंगणाच्या पायरीवर उभी राहायची, गाठोडं सोडायची, चादरीची दोन टोकं मुठीत धरून असा काही झटका द्यायची की कबुतरं उडायची. चादरींतून काय काय पडायचं! बटणं, केसांच्या पिना, तिकिटं, एकदा कुणाची तरी कवळी. कोवळं ऊन तिरपं यायचं आणि त्यात धुळीचे कण सोन्यासारखे तरंगत राहायचे. धाकटी आणि दादा त्या उन्हात तोंड उघडं टाकून उभे राहायचे आणि कण पकडायचे. शेवटची चादर झटकून झाली की शाळेची वेळ झाली. घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. आत्या शेवटचा फटाका वाजवायची आणि ओरडायची, "धाकटे, पळ!"

लॉन्ड्री बंद होऊन आता बराच काळ लोटला होता. वडीलही गेले. आत्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहत होती. या वर्षी तीही इमारत पाडायला घेतली, तेव्हा धाकटीने कुणाला न विचारता तिला घरी आणलं. नवऱ्याला विचारलं नाही असं नाही, आणल्यावर विचारलं. तो सरळ माणूस, "बरं झालं" म्हणाला. आत्या आली आणि दुसऱ्याच दिवसापासून गॅलरीत उभी राहून घरभराची अंथरुणं झटकू लागली. धुवायला मशीन होतं, पण मशीनच्या तोंडात चादर जाण्याआधी फटाक! वाजलंच पाहिजे. धाकटी चहाचा कप घेऊन दाराशी उभी राहायची. ऊन यायचं, कण तरंगायचे, भिंगरी त्यांत गोल गोल फिरायची. धाकटीला वाटायचं, आयुष्यात आपण आणखी काय मागावं?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चावून खायची गोळी, घरातल्या प्रत्येकाने, एकाच दिवशी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. नखं कापायची, सकाळी अंघोळ, आतले कपडे रोज बदलायचे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं. लॉन्ड्रीवाल्यांना धुवायला काय सांगायचं! आत्याने पदर खोचला. मशीनवर तिचा विश्वास नव्हता, त्यामुळे गरम पाणी आधी बादलीत, मग मशीन, मग पुन्हा बादली. रात्री ती भिंगरीशेजारी झोपायची आणि तिचे दोन्ही हात आपल्या पंजात धरून ठेवायची. दोरे गेले.

आणि परत आले.

पुन्हा गोळ्या, पुन्हा बादल्या. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला भिंगरीलाच रडू कोसळलं. वर्गात कुणीतरी तिच्या शेजारी बसायला नाही म्हटलं होतं. गिऱ्हाइकाची गोष्ट आता तिला हसवेना. "तो मालक मेला का?" तिने आत्याआजीला विचारलं, आणि आत्या बादली उचलून न्हाणीघरात गेली.

त्या संध्याकाळी बाबाच्या तोंडून गेलं. तो वाईट बोलणारा नव्हे. पण पोरीच्या रडण्याने हैराण झाला होता आणि साबणाने हात सोलवटून घेतले होते. "एक सांगू? आधी कधीच नव्हतं हे," तो बायकोला म्हणाला. "आत्या आल्यापासूनच सुरू झालं."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही म्हणायचं नाही. झालंय ते सांगतोय."

स्वयंपाकघरात भांडं घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग परत सुरू झाला. धाकटीला तो थांबलेला क्षण ऐकू आला आणि तिने ऐकला नाही असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण बाई होत्या, पण घाईच्या नव्हत्या. धाकटीने तक्रारींचा पाढा वाचला: नखं कापतो, गरम पाणी वापरतो, सगळे गोळ्या खातो, गोडसुद्धा बंद केलंय.

"गोडाचा संबंध नाही, द्या तिला," डॉक्टर म्हणाल्या. "मला असं करा, तुमच्या घरातली सकाळ सांगा. उठल्यापासून."

सकाळ सांगायची म्हटल्यावर धाकटी खुलली. दवाखान्यात बसलोय हे विसरून ती सांगू लागली. आत्या सगळ्यांत आधी उठते. अंथरुणं गोळा करते. गॅलरीत उभी राहून एकेक चादर अशी झटकते ना डॉक्टर, की समोरच्या इमारतीत ऐकू जाईल. लॉन्ड्रीचा हात आहे तिचा. मग ऊन येतं, त्यात कण असे तरंगतात, आणि माझी लेक त्यात...

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं होतं.

"झटकतात? धुवायच्या आधी?"

"हो. रोज."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जंताची मादी रात्री बाहेर येऊन त्या जागी अंडी घालते. ती डोळ्यांना दिसत नाहीत. खाजवलं की नखात जातात, अंथरुणाला लागतात, आणि तिथे दोन-तीन आठवडेही टिकतात. वजनाला इतकी हलकी की चादर झटकली की घरभर. उशीवर, खेळण्यांवर, दात घासायच्या ब्रशवर, नाकातोंडात. "तुम्ही औषधाने मारताय आणि सकाळी परत पेरताय," त्या म्हणाल्या. "ती आणली कुणी हे शोधू नका. शाळेतल्या बाकावरूनही येतात, कुठूनही येतात. फक्त झटकणं थांबवा. चादर आतल्या आत गुंडाळायची आणि तशीच गरम पाण्यात. बस."

धाकटी उठली. बस म्हणायला सोपं होतं. दिवसभर टेबलावर बसून, दिव्यावर चढवलेल्या मोज्यात सुईएवढं भोक हुडकून काढणारी ती बाई. आणि रोज सकाळी चहाचा कप हातात धरून काय बघत होती? आणि आता हे आत्याला सांगायचं कसं? तू झटकू नकोस, असं? जिच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं घर नाही, नवरा नाही, मूल नाही; होता तो तो एक झटका.

मग तिने केलं ते असल्या वेळी प्रेमाची माणसं हमखास करतात तेच. सांगितलंच नाही. आत्याच्या आधी उठायची, सगळ्या चादरी आतल्या आत गुंडाळायची आणि मशीनमध्ये टाकून झाकण लावून टाकायची. आत्या उठून यायची तर अंथरुणं उघडी, मशीन घरघरतंय.

"अगं, मी केलं असतं की," पहिल्या दिवशी आत्या म्हणाली.

"राहू दे गं. आराम कर जरा."

दुसऱ्या दिवशी आत्या आणखी लवकर उठली. धाकटी त्याहून लवकर. तिसऱ्या दिवशी आत्या अंथरुणातच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. गॅलरीत ऊन आलं आणि नुसतंच पडून राहिलं. धाकटी गडबडीने कामावर गेली.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. धाकटी दुपारी घरी आली तर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बॅग, आणि बॅगेशेजारी आत्या. बाहेर जायचे कपडे घातलेले, केस विंचरलेले, पायात चपला.

"हे काय?"

"दादाकडे जाते थोडे दिवस. बोलावतोय केव्हाचा."

"तो? दादाच्या घरात तुला पाय पसरायला जागा नाही. तूच फोन केला असशील."

"असेल. काय फरक पडतो?" आत्याचा आवाज अगदी शांत होता, आणि धाकटीला त्याचीच भीती वाटली. "जावईबापूंचं काही चुकलं नाही, त्यांना बोलू नकोस. मी आल्यापासून सुरू झालं हे खरंच आहे. त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. पण तू, धाकटे... तू मला अंथरुणाला हात लावू देईनास. गावभराच्या चादरी धुतल्या मी. दवाखान्यातल्या धुतल्या, बाळंतिणींच्या धुतल्या. कुणाला माझ्या हातांची शिसारी आली नव्हती कधी."

धाकटी तिथेच जमिनीवर बसली.

"शिसारी? तुझ्या हातांची? मला?" ती एकदम बोलली, कारण आता न बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. "आत्या, तुझ्या हातात काही नाही. ते झटकण्यात आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या, अंडी कशी उडतात, कुठे कुठे पडतात. आत्या ऐकत होती, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तशी, मध्ये न बोलता.

"दिसत नाहीत ती?"

"नाही."

"आणि मी झटकलं की भिंगरीच्या उशीवर."

"हो. पण आणली तू नाहीस. शाळेतूनच आली असतील. नुसती पसरत राहिली."

आत्याने विचारलं, "आणि लॉन्ड्रीत?"

हा प्रश्न ती इतक्या लवकर विचारेल असं धाकटीला वाटलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. पण गेल्या चार सकाळी तिने न बोलून काय मिळवलं होतं ते समोर खुर्चीवर, चेन लावून ठेवलेलं होतं.

"लॉन्ड्रीत पण, आत्या."

"तुम्हा दोघांना."

"हो."

"दर वर्षी."

"दर वर्षी."

आत्याने आपल्या हातांकडे बघितलं. "आणि मी म्हणायचे, गिऱ्हाईक विसरलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले. "गावभराचे जंत मीच झटकत होते गं तुमच्या अंगावर. तोंडं उघडी टाकून उभे असायचात दोघं."

"तुला काय माहीत होतं? लॉन्ड्रीत बाबांना माहीत होतं? कुणाला माहीत होतं?"

"हे तुला कधी कळलं?"

"झाले चार-पाच दिवस."

आणि मग आत्याचा पारा चढला. खरोखर चढला, लॉन्ड्रीत कुणी पांढऱ्यात रंगीत मिसळलं की चढायचा तसा. "चार-पाच दिवस! आणि इतके दिवस तोंडात मोजे कोंबून बसली होतीस? मी काय काचेची आहे? चुकलं तर चुकलं म्हणून सांगावं माणसाने! भट्टीच्या पाण्याने हात सोलून निघाले माझे, तेव्हा कुणी म्हटलं का, हिला सांगू नका, हिला वाईट वाटेल?"

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच! वाटणारच! वाईट वाटून कुणी मरतं का? पण न सांगता माझ्या हातातलं काम काढून घेतलंस ना, त्याने मेले असते मी. उघड्या अंथरुणांकडे बघत बसायचे सकाळी. म्हटलं, संपलं. आता आपण घाण झालो."

धाकटीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी रडली. भिंगरीच्या वयाची असताना रडायची तशी, नाक ओढत. "नको जाऊस," ती म्हणाली. "तू रात्र रात्र हात धरून ठेवायचीस आमचे. दुसरं काय आठवणार आहे मला?"

"धरणारच," आत्या डोळे पुसत म्हणाली. "दोरे माझेच होते ना."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग दोघी रडता रडता हसायला लागल्या. त्याच वेळी दार ढकलून भिंगरी शाळेतून आली आणि बॅग बघून दारातच थबकली.

"आत्याआजी, तू कुठे चाललीस?"

"कुठे नाही गं," आत्या म्हणाली. "बॅग झटकायला काढली होती." मग जीभ चावली. "झटकायला नाही. पुसायला."

रविवारी सकाळी पुन्हा गोळ्या. ओळीने उभं राहायची पद्धत आत्याने परत आणली. वाईट तोंड करायची पाळी बाबाची. ही गोळी काही कडू नव्हती, गोडसर होती, तरी त्याने जमेल तेवढं वाकडं तोंड केलं, आणि भिंगरी बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. नंतर तो नेलकटर घेऊन आत्यासमोर जमिनीवर बसला आणि दोन्ही हात पुढे केले. "आत्या, माझी नखं तुम्हीच बघा. मला धड कापता येत नाहीत." काचा घासणाऱ्या माणसाला नखं कापता येत नाहीत, यावर घरात कुणाचाच विश्वास बसण्यासारखा नव्हता. आत्याने चष्मा लावला आणि एकेक बोट धरून नीट कापून दिली. माफी मागायची आणि द्यायची तेवढ्यात उरकली.

सोमवारी चादर गुंडाळायला धाकटी उठली तर आत्या आधीच उभी. "हो बाजूला," ती म्हणाली. "तुझी गुंडाळी बघितली मी. गाठोडं आहे की काय?" तिने चादरीची चारही टोकं इतक्या हलक्या हाताने मध्ये आणली की वाऱ्याची झुळूकही सुटली नाही, मग एक घडी, दुसरी घडी, आणि बाळ कुशीत घ्यावं तशी उचलून गरम पाण्यात सोडली. पेन, पिना, कवळी जे काही असेल ते वरून चाचपून बघायचं, हा नवा कायदा तिने त्याच सकाळी केला. आवाज नाही, कण नाहीत. धाकटी चहाचा कप घेऊन दाराशी उभी होती. तिला बरं वाटलं आणि घर फार शांत वाटलं, दोन्ही.

दिवस जात राहिले. दुसऱ्या गोळ्याही झाल्या. भिंगरी रात्रभर झोपू लागली, बाकावर टेकू लागली, आणि शेजारी बसायला नाही म्हणणारी मैत्रीण आता तिच्याच डब्यातलं खाऊ लागली. एका सकाळी अंघोळीच्या आधी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या जागी चिकटपट्टी लावून, ती काचेवर डकवून अंडी तपासायला दवाखान्यात नेली. काही निघालं नाही. भिंगरीने घरी येऊन जाहीर केलं की मालक सापडला.

त्या संध्याकाळी आत्या धाकटीजवळ आली आणि उगाच टेबल पुसत राहिली.

"त्या डॉक्टरला एक विचारशील?"

"काय गं?"

"धुतलेली. गरम पाण्यातून काढलेली. वाळत घालायच्या आधी, ओली असते तेव्हा. ती चालते का?"

धाकटीने तिथूनच फोन लावला. डॉक्टरांना आधी प्रश्न कळला नाही. कळल्यावर त्या हसल्या. "धुतल्यावर हवी तेवढी झटकू द्या म्हणावं," त्या म्हणाल्या. आत्याने फोनला कान लावूनच ठेवला होता. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटीला निघायला उशीर झाला. डबा घेतला, किल्ल्या सापडेनात, सापडल्या, जिन्याने धडधडत खाली आली. रस्त्यावर पाऊल टाकलं आणि डोक्यावरून आवाज आला.

फटाक!

तिने वर बघितलं. गच्चीच्या कठड्यापाशी आत्या उभी होती, एका टोकाला भिंगरी, मध्ये पांढरी ओली चादर. पाण्याचे थेंब उन्हात उडाले आणि काही खाली, तिच्या चेहऱ्यावर पडले. भिंगरी तोंड उघडं टाकून उभी होती. आत्याने चादर परत मुठीत घेतली, पुन्हा झटका दिला, आणि समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. धाकटी डबा धरून तशीच थांबली. तिला कामावर जायचं होतं, बस सुटणार होती, हे तिला माहीत होतं. पण पाय उचलेना. थेंब गालावरून ओघळले, ते तिने पुसले नाहीत.

आत्याने कठड्यावरून खाली वाकून बघितलं.

"धाकटे," ती ओरडली, "पळ!"